काजू फोडताना हाताला फोड का येतात?



काजूचा हंगाम सुरू झाला की बैठकीत सहीसाठी पुढे येणारे हात मी बघते. बोटांची टोकं काळी पडलेली, कातडी सोललेली. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काजू फोडायचे म्हणजे एवढं चालायचंच." पण आत नेमकं काय होतं, ते आज समजून घेऊ.

काजूच्या टरफलात जाड, तपकिरी तेल असतं. त्यालाच आपण चीक म्हणतो. बी वाफवली तरी बराचसा चीक टरफलात राहतोच. तो तेलकट असल्यामुळे नुसत्या पाण्याने निघत नाही आणि कातडीत सहज मुरतो. तिथल्या पेशींना इजा झाली की बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी झिरपतं. म्हणून आधी लाली आणि जळजळ होते. मग कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी साठतं. हाच फोड.

काही जणींचं शरीर हा चीक ओळखून ठेवतं. पुढच्या वेळी थोडासा लागला तरी एक-दोन दिवसांत खाज सुटते, हात सुजतो. बिब्बा उततो तोही असाच. काजू, बिब्बा आणि आंबा एकाच कुळातले.

फोडातल्या पाण्याने फोड पसरत नाहीत. पसरवतो तो नखांत, पदराला, कटरच्या मुठीला राहिलेला चीक. म्हणून एवढं करा:

- कामाआधी हाताला खोबरेल किंवा एरंडेल लावा. आत सुती, वर रबरी हातमोजे घाला.
- चीक लागला की लगेच साबण आणि गार पाण्याने धुवा. नखंही घासा. तोच हात डोळ्याला लावू नका.
- फोड सुईने फोडू नका. वरची कातडी जखमेचं झाकण आहे. फुटलाच तर राख लावू नका, स्वच्छ कापड बांधा.
- पू झाला, ताप आला किंवा चेहरा, डोळे सुजले तर लगेच दवाखाना गाठा.

हातमोज्यांनी हात हळू चालतो, किलोमागची मजुरी कमी पडते, असं तुम्ही सांगता. ते खरंच आहे. पण हात सुजून चार दिवस घरी बसलात तर तो खाडाही तुमचाच ना? हातमोजे आणि साबण मालकाने द्यावेत, हा विषय पुढच्या बैठकीत घ्या. एकटीला मागायला संकोच वाटतो. आपण गटाने मागू.