पाच क्षेपणास्त्रांचा हिशेब

संरक्षणखर्चाबद्दल प्रश्न विचारणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याची रीत या देशात पडली आहे. आम्हाला ती मान्य नाही. पैसा जनतेचा आहे, तेव्हा हिशेब मागण्याचा अधिकारही जनतेचाच आहे.

१९८३ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम मंजूर केला. डॉ. अब्दुल कलाम त्याचे प्रमुख होते. पृथ्वी, अग्नी, त्रिशूल, आकाश आणि नाग ही पाच क्षेपणास्त्रे एकाच छत्राखाली घडवायची होती. कल्पना चांगलीच होती. एका प्रकल्पात कमावलेले ज्ञान दुसऱ्याच्या कामी येते. १९८९ मध्ये उडालेल्या पहिल्या अग्नीचा खालचा टप्पा एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपकावरून घेतला होता आणि वरचा पृथ्वीवरून. १९८७ मध्ये बड्या राष्ट्रांनी क्षेपणास्त्र तंत्रज्ञानावर निर्बंध घातले, तरी आपले काम थांबले नाही. शास्त्रज्ञांच्या या जिद्दीबद्दल आम्हाला आदरच आहे.

पण पाच प्रकल्पांची मोट एकत्र बांधली की एकाच्या यशाआड दुसऱ्याचे अपयश झाकले जाते. पृथ्वी १९८८ मध्ये झेपावले, अग्नी पुढच्या वर्षी. देशाने टाळ्या वाजवल्या. त्रिशूलचे काय झाले? युद्धनौकांच्या रक्षणासाठी नौदलाला ते हवे होते. ते वेळेत झाले नाही, म्हणून इस्रायलचे बराक विकत घ्यावे लागले. तरीही त्रिशूल अधिकृतपणे बंद व्हायला २००८ साल उजाडले. रणगाडाभेदी नागची अखेरची चाचणी तर २०२० मध्ये झाली, म्हणजे मंजुरीनंतर ३७ वर्षांनी!

अनेक शस्त्रप्रकल्प एकत्र चालवायचे तर प्रत्येकाला टप्प्याटप्प्यावर स्वतंत्र जाब विचारला पाहिजे. सैन्याला हे अजून हवे आहे काय? उरलेला पैसा आणि माणसे दुसऱ्या प्रकल्पाला दिली तर अधिक उपयोग होईल काय? वेळीच थांबणे ही नामुष्की नव्हे, तो शहाणपणा आहे. उशिराची किंमत अखेर सीमेवरचा जवान मोजतो, आणि तो बहुधा शेतकरी-कष्टकऱ्याच्याच घरातला असतो.

बाबासाहेबांनी ३० मे १९४९ रोजी घटना समितीत महालेखापरीक्षक हा बहुधा घटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले होते. संसदेने मंजूर केलेल्या खर्चाची मर्यादा राखली जाते की नाही, हे पाहणारा तो पहारेकरी आहे. त्याचे अहवाल संसदेत केवळ मांडून भागणार नाही, त्यांवर चर्चा झाली पाहिजे.

आमच्या मुलाने शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला तर उत्पन्नाचा दाखला वर्षानुवर्षे मागितला जातो. मग कोट्यवधींच्या प्रकल्पाला दरवर्षी प्रगतीचा दाखला का मागू नये?