‘हागेताका’: पडद्यावरची कंपनी आणि ताब्याची लढाई

चित्रपट : जपान, २००९. दिग्दर्शक केइशी ओतोमो. आधार जिन मायामा यांच्या कादंबऱ्यांचा. याच नावाची सहा भागांची मालिका २००७ मध्ये एनएचकेवर गाजली होती. प्रमुख पात्रे तीच.

कथा : ‘आकामा’ ही काल्पनिक, जुनी मोटार कंपनी. चिनी पैशाचे पाठबळ असलेला फंड ती विकत घ्यायला निघतो. कंपनी वाचवण्यासाठी फंड व्यवस्थापक वाशिझूला (नाओ ओमोरी) बोलावले जाते.

काळ : १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली. देणी ६०० अब्ज डॉलरहून अधिक. त्या वर्षात जपानचा निक्केई निर्देशांक सुमारे ४२ टक्के घसरला. भाव कोसळले की चांगली कंपनीही स्वस्तात हाती लागते. चित्रपटातला सगळा ताण इथूनच येतो.

संज्ञा
• विलीनीकरण : दोन कंपन्यांची एक होते. ताबा घेताना मात्र खरेदी केलेली कंपनी वेगळी राहू शकते.
• होस्टाइल टेकओव्हर : संचालक मंडळाचा विरोध असताना थेट भागधारकांकडून शेअर घेणे.
• व्हाइट नाइट : संचालकांनीच आणलेला दुसरा, मित्र खरेदीदार. वाशिझूची भूमिका हीच.
• ओपन ऑफर : ठरावीक भावाने, ठरावीक मुदतीत सर्व भागधारकांना दिलेला खरेदीचा जाहीर प्रस्ताव.

भारतात : सेबीच्या २०११ च्या नियमांनुसार शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीत २५ टक्के मतहक्क गाठणाऱ्याला आणखी किमान २६ टक्क्यांसाठी ओपन ऑफर द्यावी लागते.