मल्लखांबावरचा मुका मार

मल्लखांब शिकायला लागलेल्या मुलामुलींच्या पावलांवर सुरुवातीच्या दिवसांत काळेनिळे डाग दिसतात. घरचे घाबरतात, आणि आखाड्यात कुणीतरी मोठा सांगतो की होईल सवय. बहुतेक डाग आपोआप जिरतात, हे खरंच आहे. पण डाग नेमका कुठे उठला ते नीट पाहिलं, तर पकडीतली चूकही तिथेच सापडते.

पुरलेला मल्लखांब सागवानाचा किंवा शिसवीचा असतो, दोरीच्या मल्लखांबाची दोरी सुती. पोल डान्स शिकणाऱ्यांच्याही पावलांना असाच मार लागतो. तिथला खांब धातूचा, त्यावर उघडी कातडी चिकटवून अंग तोलायचं, त्यामुळे तेल वर्ज्य. आपल्या लाकडी खांबाला उलट एरंडेल चोळतात, म्हणजे घर्षण बेताचं राहतं आणि साल जात नाही.

मार पावलालाच एवढा का लागतो? पावलाच्या वरच्या बाजूला मांसाची गादी जवळजवळ नसते. पातळ कातडी, तिच्याखाली शिरा आणि लगेच हाडं. खांब आणि हाड यांच्या कात्रीत बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त आसपासच्या भागात झिरपतं. कातडी शाबूत असते, म्हणून हा मुका मार. मग शरीर त्या सांडलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडत जातं, तसा डाग निळसर-जांभळ्याचा हिरवट आणि शेवटी पिवळट होतो. साधारण दोन आठवड्यांत तो जातो. रक्त उताराकडे सरकतं, त्यामुळे घोट्याला लागलेल्या माराचा डाग दुसऱ्या दिवशी बोटांकडे उतरलेला दिसू शकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता चूक कुठे होते ते पाहू. अढी मारताना पाय वर फेकून खांब मांड्यांत आवळायचा असतो. नवशिक्याचं अंग पुरेसं वर जात नाही, मांड्या खांबापर्यंत पोहोचत नाहीत, आणि पाऊल किंवा घोटा लाकडावर आपटतो. अशा वेळी पायाला फडकं बांधून काही साधत नाही. हात-खांद्यांची ताकद वाढवावी लागते आणि उडी सावकाश सुधारावी लागते. दोरीवर भानगड वेगळी. तिथे दोरी अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात धरतात. हातांनी अंग उचलून धरलं नाही, तर सगळं वजन त्या बेचक्यावर येतं, दोरी घसरते आणि सालटं निघतं. सरावाने तिथली कातडी निबर होते, पण ती हळूहळू. एकाच बैठकीत तीच पकड पुन्हा पुन्हा करून घेणं मला तरी अन्यायाचं वाटतं. लहान मूल वस्तादांसमोर दुखतंय म्हणत नाही, म्हणून सरावानंतर मोठ्यांनी त्याची पावलं स्वतः बघावीत.

मार लागल्यावर पहिले दोन दिवस थंड शेक द्यावा. बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. थेट कातडीवर कधीच नको. बर्फ नसेल तर माठातल्या गार पाण्याची घडी चालेल. झोपताना पायाखाली उशी घ्यावी. या दोन दिवसांत तेल लावून चोळायचं नाही, गरम वीटही नको. आपल्याकडे हटकून होतं ते हेच, आणि त्याने रक्त आणखी झिरपून सूज वाढते. कोमट शेक तिसऱ्या दिवसापासून. साल गेलेली जागा साबणपाण्याने धुऊन कोरडी ठेवावी. तिच्यावर हळद किंवा चुना भरू नये.

मुका मार समजून हाड मोडल्याकडे दुर्लक्ष होऊ नये, यासाठी डॉक्टर वापरतात ते निकष घरीही उपयोगी पडतात. लागल्यानंतर चार पावलंही टाकता येत नसतील, घोट्याच्या दोन्हींपैकी कोणत्याही बाजूच्या हाडावर मागून दाबल्यास दुखत असेल, पावलाच्या मध्यावर आतल्या बाजूचं हाड किंवा करंगळीच्या रेषेत बाहेरच्या कडेला वर आलेलं हाड दाबल्यावर कळ येत असेल, यांपैकी काहीही असलं, तर एक्स-रे काढायलाच हवा. बोटं बधिर झाली, सूज वाढतच गेली किंवा काही न लागताच अंगावर डाग उठू लागले, तरी दवाखाना गाठावा.

बाकी वेळी खेळ पूर्ण बंद करण्याची गरज नाही. पाय बरा होईपर्यंत लोंबकळणं, खांद्यांचे आणि पोटाचे व्यायाम सुरू ठेवता येतात. डागाचा पिवळा रंग उरला असला तरी चालेल. अंगठ्याने दाबून दुखत नसेल आणि चवड्यांवर उड्या मारता येत असतील, तर पुन्हा खांबावर चढायला हरकत नाही.