लेडी मॅक्लाउडचे निळे तिकीट

ब्रिटिश वसाहतींतली पहिली सरकारी टपाल तिकिटे मॉरिशसची, सप्टेंबर १८४७ची. त्याच्या पाच महिने आधी, एप्रिलमध्ये, कॅरिबियनमधल्या त्रिनिदादला एक तिकीट विकले जाऊ लागले होते. ते एका आगबोटीच्या मालकाने काढलेले, म्हणून संग्राहक त्याला 'खासगी' ठरवून वेगळ्या पंगतीला बसवतात. मला हा पंक्तिभेद पटत नाही. तिकीट कशासाठी असते, हे सरकारी तिकिटांवरच्या राणीच्या चेहऱ्यापेक्षा या आगबोटीवरून अधिक स्पष्ट कळते.

'लेडी मॅक्लाउड' ही गव्हर्नरच्या पत्नीचे नाव दिलेली बोट पोर्ट ऑफ स्पेन आणि सान फर्नांडो यांच्यामध्ये उतारू, माल आणि पत्रे नेत असे. १८४२पासून रॉयल मेल कंपनी लंडनचे टपाल कॅरिबियन बेटांवर आणत होती आणि त्यासाठी ब्रिटिश सरकार तिला वर्षाला २,४०,००० पौंड मोजत होते. पण त्रिनिदादच्याच ऊसमळ्यांच्या मुलखात पत्र धाडायचे तर आधार या छोट्या बोटीचा. तिचा मालक डेव्हिड ब्राइस याचे दर बोलके आहेत. रोख पैसे देऊन पत्र टाकले तर १० सेंट, तिकीट लावले तर ५, आणि शंभर तिकिटे एकदम घेतली तर ४ डॉलर, म्हणजे पत्रामागे ४ सेंट. अंतर तेच, कोळसा तोच. फरक फक्त पैसे गोळा करण्याच्या कटकटीचा. पत्र वाहण्यापेक्षा त्याचा हिशेब आणि वसुली महाग पडते, हे टपाल सुधारक रोलंड हिलने १८३७मध्ये इंग्लंडात मांडले होते. ब्राइसच्या दरपत्रकात तेच गणित उतरले आहे.

तिकीट जवळून पाहावे. गडद निळ्या रंगावर पांढरी बोट, खाली बोटीच्या नावाची एकमेकांत गुंफलेली आद्याक्षरे. किंमत नाही, देशाचे नाव नाही. शिक्काही नसे, शाईने फुली मारली किंवा एक कोपरा खरवडून काढला की तिकीट बाद.

यावर कोणी म्हणेल, एकाच बोटीवर चालणारा, किंमतही न छापलेला हा कागद म्हणजे फार तर भाड्याची पावती. पहिला मुद्दा वजनदार आहे: ब्राइसची जबाबदारी धक्क्यावर संपत होती, पुढच्या टपालाशी तिचा संबंध नव्हता. पण दुसरा टिकत नाही: त्रिनिदादची सरकारी तिकिटे १८५१मध्ये आली, आणि बसलेल्या ब्रिटानियाचे चित्र असलेल्या त्या तिकिटांवरही किंमत छापलेली नव्हती.