अविभाज्यता-परीक्षा

एकाहून मोठ्या ज्या पूर्णांकाला १ व ती संख्या स्वतः यांखेरीज अन्य धन विभाजक नसतो त्याला अविभाज्य (मूळ) संख्या व ज्याला असतो त्याला संयुक्त संख्या म्हणतात. १ ही संख्या यांपैकी कोणत्याच वर्गात धरीत नाहीत. दिलेली संख्या कोणत्या वर्गात मोडते हे ठरविण्याच्या रीतीला अविभाज्यता-परीक्षा म्हणतात. संख्या संयुक्त आहे असे सिद्ध करणे व तिचे अवयव शोधून काढणे ही दोन कार्ये एकच आहेत असा सामान्यतः समज असतो. तो बरोबर नाही.

सर्वांत जुनी रीत प्रत्यक्ष भागून पाहण्याची. संख्या संयुक्त असल्यास तिचा १ हून मोठा असा एक तरी विभाजक तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. म्हणून वर्गमुळापर्यंतच्या अविभाज्य संख्यांनी भागून पाहिले म्हणजे पुरते. उदा., ५७१ ला २३ पर्यंतच्या कोणत्याही अविभाज्य संख्येने भाग जात नाही, म्हणून ती अविभाज्य आहे. लहान संख्यांसाठी ही रीत उत्तम होय; परंतु १९ अंकी संख्येसाठी पाच कोटींहून अधिक भागाकार करावे लागतील.

काही संख्यांचे संयुक्तत्व त्यांच्या रूपावरूनच कळते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी अभ्यासिलेल्या डेमलो संख्या हे याचे सुबोध उदाहरण आहे. कापरेकरांचा जन्म तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर जिल्ह्यातील) डहाणूचा व शालेय शिक्षण ठाण्याचे. पुढे ते देवळाली येथे शिक्षक होते. या संख्यांची कल्पना त्यांना ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या ज्या स्थानकावर सुचली त्याचे नाव त्यांनी त्यांना दिले व ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगितले जाते. १६५, २५५३, ४७७७३ या डेमलो संख्या होत. यांत पहिला व शेवटचा अंक यांची बेरीज मधल्या, पुनरावृत्त होणाऱ्या अंकाइतकी असते. १६५ = १५ × ११, २५५३ = २३ × १११, ४७७७३ = ४३ × ११११ हे गुणाकार मांडून पाहिले की कारण उलगडते. टोकांच्या दोन अंकांनी होणाऱ्या संख्येने फक्त एकांनी लिहिलेल्या संख्येस गुणले आहे, एवढेच येथे घडते. या प्रकारातील प्रत्येक संख्या म्हणून संयुक्तच असते. १२१, १२३२१, १२३४३२१ या संख्याही कापरेकरांनी याच कुळात घातल्या. त्या अनुक्रमे ११, १११, ११११ यांचे वर्ग आहेत.

मात्र ११, १११, ११११ या मूळ संख्यांविषयी रूपावरून अर्धेच उत्तर मिळते. अंकांची संख्या संयुक्त असेल, तर ती संख्याही संयुक्त असते, उदा., १११११११११ = १११ × १००१००१. अंकांची संख्या अविभाज्य असली, तरी तिच्यावरून काहीच निष्पन्न होत नाही : ११ अविभाज्य आहे, पण १११ = ३ × ३७, १११११ = ४१ × २७१ आणि ११११११११ मधील एक अंक कमी केल्यास येणारी सात अंकी संख्या = २३९ × ४६४९. यांत एक सोय आहे. अंकांची संख्या ३ हून मोठी अविभाज्य असल्यास प्रत्येक अविभाज्य विभाजकाला अंकसंख्येच्या दुपटीने भागले असता बाकी १ उरते (२३९ व ४६४९ ही दोन्ही १४ ने भागून पाहावीत). त्यामुळे १९ एकांच्या संख्येसाठी ३८ ने भागल्यावर १ बाकी उरणारेच विभाजक तपासावे लागतात. ही संख्या अविभाज्य असल्याचे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ऑस्कर होप यांनी दाखविले.

विभाजक न शोधता निर्णय देण्याचा मार्ग प्येअर द फेर्मा यांच्या १६४० मधील प्रमेयातून निघतो. न ही अविभाज्य संख्या असून तिने अ ला भाग जात नसेल, तर अ च्या (न − १) व्या घाताला न ने भागल्यास बाकी १ उरते. ९१ ही संख्या घेऊ. २ च्या ९० व्या घाताला ९१ ने भागल्यास बाकी ६४ उरते. म्हणून ९१ संयुक्त आहे. ७ व १३ यांचा येथे उल्लेखही आला नाही. पण २ ऐवजी ३ घेतल्यास बाकी १ च उरते आणि ९१ चे संयुक्तत्व झाकले जाते! ५६१ (३ × ११ × १७) तर तिच्याशी सामाईक विभाजक नसलेल्या प्रत्येक आधारसंख्येला अशीच फसविते. कसोटीत नापास झालेली संख्या निश्चित संयुक्त असते. उत्तीर्ण झालेली फक्त संभाव्य अविभाज्य. मिलर (१९७६) व राबिन (१९८०) यांच्या सुधारित कसोटीत संयुक्त विषम संख्या यादृच्छिक आधारसंख्येने निसटण्याची संभाव्यता फार तर एकचतुर्थांश असते. वीस आधारसंख्या घेतल्यास ती एक लाख कोटीतील एकाहूनही कमी होते.

हा फरक केवळ तात्त्विक नाही. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा करून येणारी २१ अंकी संख्या संयुक्त असल्याचे ल्यूका यांनी १८७६ मध्ये दाखविले. तिचे अवयव कोल यांनी १९०३ मध्ये दिले. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी मांडलेली गुप्तलेखन पद्धती याच अंतरावर उभी आहे. शेकडो अंकी अविभाज्य संख्या मिळविणे संगणकाला सोपे, पण तशा दोन संख्यांच्या गुणाकारातून त्या परत काढणे व्यवहारतः अशक्य असते.

संभाव्यतेचा आधार न घेता, अंकांच्या संख्येच्या ठराविक घाताच्या प्रमाणातच वेळ लागेल अशी परीक्षा मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २००२ मध्ये दिली. सिद्धांतदृष्ट्या प्रश्न त्यामुळे सुटला. प्रत्यक्ष गणनेत मात्र विवृत्तीय वक्रांवर आधारलेल्या रीती अधिक वेगवान ठरतात. त्याच रीतीने ४९,०८१ एकांची संख्या अविभाज्य असल्याचे २०२२ मध्ये सिद्ध झाले. ८१,७७,२०७ एकांची संख्या कसोटीस उतरली आहे. तिच्या अविभाज्यतेची सिद्धता उपलब्ध नाही.