संकेतस्थळाचे स्थलांतर आणि गमावलेले स्थान : निदान व चिकित्सा

चिकित्सालयाची जागा बदलली की जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी लावावी, शेजारच्या दुकानदारास सांगून ठेवावे, पोस्टमनला कळवावे, ही आपल्या व्यवसायातील जुनी रीत आहे. एखादा रुग्ण दोन वर्षांनी येतो, दार बंद पाहतो आणि निघून जातो. तो तसा जाऊ नये, एवढाच त्यामागील हेतू असतो. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे ज्यास डोमेन म्हणतात ते, बदलताना मात्र आपल्यापैकी अनेकजण ही साधी रीत विसरतात. आम्हीही विसरलो होतो आणि त्याची किंमत आम्हास काही महिने मोजावी लागली. तो अनुभव व त्यातून झालेला बोध वैद्यबंधु-भगिनी आणि औषधी दुकानांचे चालक यांच्यासमोर ठेवावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

स्थलांतराचे कारण

आमचे चिकित्सालय पुण्यातील खडकी येथे आहे. इंग्रजांनी या गावाचे नाव आपल्या उच्चाराप्रमाणे ‘किर्की’ असे लिहिले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथे झालेल्या लढाईची इंग्रजी ग्रंथांतील नोंद त्याच नावाने आढळते, आणि येथील युद्ध-दफनभूमीही जगभर त्याच नावाने ओळखली जाते. २००८ साली आम्ही पहिले संकेतस्थळ केले, तेव्हा ते तयार करून देणाऱ्या व्यावसायिकाने डोमेनमध्ये हेच जुने इंग्रजी स्पेलिंग घातले. रुग्ण मात्र संगणकावर अन् पुढे मोबाईलवर ‘खडकी’ असेच लिहून शोध घेऊ लागले. पत्ता तोंडी सांगताना दरवेळी अक्षरे समजावून सांगावी लागत. शेवटी २०२२ साली आम्ही ‘खडकी’ हे नाव असलेले, ‘डॉट इन’ने संपणारे नवे डोमेन घेतले आणि सर्व मजकूर तेथे हलविला.

परिणाम थोड्याच दिवसांत दिसू लागला. संधिवातातील पथ्य, वर्षाऋतूतील बस्ती, प्रसूतीनंतरची सूतिकापरिचर्या अशा विषयांवर आम्ही वर्षानुवर्षे लिहिलेली पाने गूगलच्या पहिल्या पानावर येत असत. ती दिसेनाशी झाली. बाहेरगावच्या रुग्णांचे दूरध्वनी रोडावले. नियमित येणाऱ्या एका आजीबाईंच्या नातवाने विचारले, “डॉक्टर, तुम्ही दवाखाना बंद केलात का?” त्या प्रश्नाने आम्ही खऱ्या अर्थाने जागे झालो.

इतरांची उदाहरणे

नाव बदलण्याचा प्रसंग मोठमोठ्या संस्थांवरही येतो. ‘स्टार माझा’ ही मराठी वृत्तवाहिनी जून २०१२ पासून ‘एबीपी माझा’ झाली आणि तिच्या संकेतस्थळासही नवे नाव घ्यावे लागले. आपल्या क्षेत्रात भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या जागी ११ जून २०२१ पासून राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग आला. जुन्या परिपत्रकांत परिषदेचा पत्ता छापलेला, तर नवी माहिती आयोगाच्या पत्त्यावर, अशी स्थिती त्यातून निर्माण होते. याउलट उदाहरण आमच्या शेजारीच, गणेशखिंडीत आहे. २०१४ साली पुणे विद्यापीठाचे नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, तथापि ‘युनिपुणे’ हा संकेतस्थळाचा पत्ता विद्यापीठाने त्यानंतरही चालू ठेवला. जो पत्ता लोकांच्या सवयीचा झाला आहे तो अनिवार्य कारणावाचून सोडू नये, हा त्यातील धडा होय. निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा, हे आपणांस वेगळे सांगणे नलगे.

संप्राप्ती

शोधयंत्र संकेतस्थळास कसे ओळखते, हे समजल्यावाचून चिकित्सा करता येत नाही. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापन केली. कोणत्या पानाकडे इतर किती व कोणत्या पानांनी निर्देश केला आहे, हे पाहून त्या पानाचे महत्त्व ठरवावे, हा त्यांच्या पद्धतीचा पाया होता. पुढे त्यात असंख्य निकषांची भर पडली, परंतु मूळ गोष्ट कायम राहिली. हा विश्वास प्रत्येक पानाच्या पत्त्याशी बांधलेला असतो. मजकूर तोच असला तरी पत्ता बदलला की शोधयंत्राच्या दृष्टीने ते पान नवजात ठरते. जुने पान आणि नवे पान एकच आहे, हे त्यास स्पष्टपणे सांगावे लागते.

हे सांगण्याचे साधन म्हणजे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन. संगणकाच्या भाषेत त्याचा क्रमांक ३०१ असा आहे. जुन्या पत्त्यावर कोणी आले की सर्व्हर त्यास “हे पान कायमचे अमुक पत्त्यावर गेले आहे” असे सांगून तेथे पोहोचवितो. ३०२ या क्रमांकाचे पुनर्निर्देशन तात्पुरत्या बदलासाठी असते, म्हणून स्थलांतरात त्याचा उपयोग करू नये.

आमच्या प्रकरणाचे निदान

एका जाणकार विद्यार्थ्याच्या साहाय्याने आम्ही तपासणी केली, तेव्हा चार दोष आढळले.

पहिला दोष असा की जुनी सर्वच्या सर्व पाने नव्या संकेतस्थळाच्या केवळ मुखपृष्ठाकडे वळविली होती. सूतिकापरिचर्या शोधत आलेली माता आमच्या नावाच्या पाटीपाशी येऊन थांबत असे. अशा वळविलेल्या पानांस गूगल बहुधा ‘पान अस्तित्वात नाही’ असेच समजते आणि त्यांचे संचित वाया जाते.

दुसरा दोष नव्या संकेतस्थळात होता. ते तयार होत असताना शोधयंत्रांनी त्याची नोंद घेऊ नये, अशी खूण वर्डप्रेसमध्ये केलेली होती. ते काम योग्यच होते, परंतु संकेतस्थळ खुले केल्यावर ती खूण काढण्याचे राहून गेले. अर्थात आम्हीच शोधयंत्रास दाराबाहेर उभे केले होते.

तिसरा दोष म्हणजे पानांतील अंतर्गत दुवे अजूनही जुन्या पत्त्याचेच होते. वाचक एका पानावरून दुसऱ्यावर जाताना जुन्या घरातून फिरून येत असे.

चौथा दोष आमच्या उतावीळपणाचा. डोमेन बदलताना आम्ही त्याच आठवड्यात मांडणीही बदलली, काही लेख गाळले आणि काही एकत्र केले. एकाच वेळी चार औषधे सुरू केली की गुण वा अपाय कशाचा हे कळत नाही, ही गोष्ट आपण रुग्णांस रोज सांगतो. येथे मात्र आम्हीच ती पाळली नाही.

चिकित्सा

प्रथम आम्ही जुन्या सर्व पानांची यादी केली आणि प्रत्येकासमोर त्याच विषयाच्या नव्या पानाचा पत्ता लिहिला. गाळलेल्या लेखांपैकी ज्यांवर वाचक येत असत ते पुन्हा ठेवले. या यादीनुसार प्रत्येक पानाचे स्वतंत्र ३०१ पुनर्निर्देशन केले. औषधी दुकानांच्या चालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. च्यवनप्राशाचे पान च्यवनप्राशाच्याच पानाकडे जावे, दशमूलारिष्टाचे दशमूलारिष्टाकडे. एखादे उत्पादन बंद केले असेल तर ते पान नाहीसे झाल्याचे प्रामाणिकपणे दाखवावे. ग्राहकास भलत्याच औषधापाशी नेऊन सोडू नये.

वळणावर वळण नसावे. जुना पत्ता मधल्या पत्त्यावर आणि मधला नव्यावर, अशी साखळी झाली असल्यास ती तोडून जुन्यावरून थेट नव्यावर न्यावे. जुन्या संकेतस्थळावर शोधयंत्रास मज्जाव करू नये. त्यास आतच येऊ दिले नाही, तर दारावरची पाटी त्याने वाचावी कशी? जुन्या डोमेनचे सुरक्षा-प्रमाणपत्रही चालू ठेवावे. ते संपले की ब्राउझर वाचकास धोक्याची सूचना दाखवितो आणि तो माघारी फिरतो.

त्यानंतर गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनात जुने व नवे अशा दोन्ही डोमेनची मालकी एकाच खात्यातून सिद्ध केली आणि ‘पत्ता बदल’ या सोयीद्वारे स्थलांतर कळविले. ही सूचना १८० दिवस कार्यरत राहते. नव्या पानांची सूची, म्हणजे साइटमॅप, तेथेच सादर केली. कोणती पाने नोंदली गेली आणि कोणती कोणत्या कारणाने वगळली, याचा अहवाल तेथे मिळतो. आम्ही तो दर सोमवारी, नाडी पाहावी तसा, पाहत गेलो.

अखेरीस ज्या ज्या ठिकाणी आमचा जुना पत्ता होता तेथे तो बदलला. गूगल नकाशावरील चिकित्सालयाची नोंद, वैद्यांच्या सूची, ज्या महाविद्यालयीन मित्रांनी आपल्या पानांवर आमचा दुवा दिला होता ते, तसेच औषधचिठ्ठीचा कागद, औषधांच्या पिशव्या आणि दारावरची पाटी. यांतील शेवटच्या तीन गोष्टी संगणकाच्या नाहीत म्हणून दुर्लक्षिल्या जातात, वास्तविक नियमित रुग्ण त्यांवरूनच येतो.

उपशयाचा काळ

लहान-मध्यम संकेतस्थळाची बहुतेक पाने नव्या पत्त्याने नोंदली जाण्यास काही आठवडे लागतात, व त्या काळात क्रम खालीवर होत राहतो. पहिल्या आठवड्यातील घसरण पाहून घाबरून पुन्हा जुन्या डोमेनवर जाणे हा सर्वांत मोठा अपचार होय. आमच्या बाबतीत दोष दूर केल्यावर प्रथम चिकित्सालयाच्या नावाने घेतलेले शोध स्थिरावले, नंतर व्याधी व पथ्यविषयक पाने हळूहळू वर आली. काही पाने पूर्वीच्या जागी आली नाहीत, हेही नमूद करणे आवश्यक आहे. घसरणीचे कारण स्थलांतरच असते असेही नाही. गूगल आपले निकष वेळोवेळी बदलते. ऑगस्ट २०१८ मधील एका बदलात आरोग्यविषयक अनेक संकेतस्थळांचे स्थान हलले होते. म्हणून घसरणीची तारीख आणि अशा बदलाची तारीख ताडून पाहावी.

जुने नाव सोडू नये

पुनर्निर्देशन किमान एक वर्ष ठेवावे असा गूगलचा सल्ला आहे. आमचे म्हणणे याहून पुढचे आहे. जुने डोमेन कधीच सोडू नये. आमच्या परिचयाच्या एका औषधी दुकानाच्या चालकांनी नव्या नावाचा जम बसल्यावर जुन्याचे नूतनीकरण केले नाही. ते नाव कोणा अज्ञाताने घेतले व तेथे ‘साखर मुळापासून घालविणारे’ चूर्ण विकावयास ठेवले. दुकानाच्या एका जुन्या मधुमेही ग्राहकाने ते त्याच विश्वासाने मागविले आणि मग दुकानात दूरध्वनी करून विचारले, “आता सकाळची गोळी बंद करू का?” त्याने विचारले, हे सुदैव. विचारल्याशिवाय गोळी बंद करणारेही असतात. वर्षाकाठी काही शे रुपये वाचविण्यासाठी आपल्या नावावरील विश्वास परक्याच्या हाती जाऊ देणे परवडणारे नाही.

याच संदर्भात एक सूचना. डोमेन संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावे नसावे, ते वैद्याच्या वा दुकानाच्या स्वतःच्या नावे, स्वतःच्या ई-मेलवर नोंदलेले असावे. आमचे जुने डोमेन दुसऱ्याच्या ई-मेलवर होते, त्यामुळे नूतनीकरणाची सूचना आमच्यापर्यंत पोहोचत नसे. ते आपल्या नावे करून घेण्यातच आमचा एक महिना गेला.

अपथ्य

स्थान घसरले की “महिन्याभरात पहिल्या क्रमांकावर आणतो” असे सांगणारे दूरध्वनी येऊ लागतात. असे लोक बहुधा पैसे देऊन परकीय संकेतस्थळांवरून दुवे मिळवितात. गूगलने २०१२ सालापासून अशा दुव्यांविरुद्ध कठोर धोरण स्वीकारले आहे. त्यामुळे तात्पुरता लाभ होऊन पुढे अधिक हानी होते.

दुसरे अपथ्य अधिक घातक आहे. आमच्याकडे आलेल्या एका व्यावसायिकाने सुचविले, “डॉक्टर, पथ्यावरचे हे लेख कोण वाचतो? ‘मधुमेहावर खात्रीशीर इलाज’ असे पान करू, लगेच वर येईल.” औषधे व चमत्कारिक उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेह, स्थौल्य, अपस्मार यांसारख्या व्याधी आहेत, आणि त्या बऱ्या करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस त्याने मनाई केलेली आहे. कायदा नसता तरी असे पान आम्ही केले नसते. त्याऐवजी प्रत्येक लेखाखाली लेखक वैद्याचे नाव, बी.ए.एम.एस. ही पदवी व नोंदणी क्रमांक दिला, लेख केव्हा तपासला ती तारीख लिहिली आणि कोणत्या लक्षणांत विलंब न करता रुग्णालयात जावे हे स्पष्ट केले. जुन्या लेखांत आमच्याच हातून झालेली दोन-तीन अतिशयोक्तीची वाक्येही काढून टाकली. स्थलांतर हे शोधनाचेही निमित्त ठरले.

उपसंहार

आज आमचे जुने ‘किर्की’चे डोमेन चालू आहे. त्यावर एकही पान नाही, केवळ नव्या पत्त्याकडे जाण्याची वाट आहे. त्यावरून अद्यापही कधीमधी कोणी येतो, बहुधा कुणा बाहेरगावच्या रुग्णाने जपून ठेवलेल्या जुन्या चिठ्ठीवरचा पत्ता टंकून. तेवढ्या एका रुग्णासाठी दरवर्षीचे नूतनीकरण आम्ही आनंदाने करतो. ज्या वैद्यबंधूंचे वा दुकानचालकांचे संकेतस्थळ आहे, त्यांनी हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी एवढेच पाहावे : आपले डोमेन कोणाच्या नावे आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते. अलम् अतिविस्तरेण.