दोन टनांची पिकअप म्हणजे नेमकं किती? घाट उतरण्याआधी वाचायचे आकडे

धार : मालव्यातला लसूण, बटाटा किंवा सोयाबीन बाजारात पोचवायचा म्हटलं की आज पहिली हाक पिकअपला जाते. देवासहून इंदूर असो, नाहीतर धारहून सेंधव्यामार्गे थेट शिरपूर-धुळे, मोठा ट्रक परवडत नाही आणि तीनचाकी पुरत नाही, तिथे हीच गाडी चालते. शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती टन उचलते?" या प्रश्नाला मिळणारं उत्तर अर्धवट असतं. उरलेलं अर्धं गाडीच्या आरसी बुकात, टायरच्या कडेवर आणि घाटाच्या उतारावर असतं.

'टेम्पो' ते पिकअप

मराठी माणूस लहान मालवाहू गाडीला सर्रास 'टेम्पो' म्हणतो. हे मुळात कंपनीचं नाव. १९५८ साली जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू झाली. पुढे २००५ मध्ये तिचं नाव फोर्स मोटर्स झालं. पुण्याच्या आकुर्डीत मुख्यालय असलेल्या या कंपनीचा मोठा कारखाना धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला आहे. आयशरच्या ट्रकचा कारखानाही तिथेच. गाड्यांच्या चाचणीचं राष्ट्रीय केंद्र 'नॅट्रॅक्स' हेही पीथमपूरचंच. त्याच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान ट्रॅकचं उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झालं. ब्रेक आणि चढ-उतार तपासायचे ट्रॅक तिथे वेगळे आहेत.

चाचणीची एक गोष्ट गाडीमालकाने लक्षात ठेवावी. गाडीचा ब्रेक, चढ चढायची क्षमता, टायर, अ‍ॅक्सल हे सगळं एका ठराविक एकूण वजनाला धरून ठरवलेलं असतं. त्या वजनापुढे गाडी गेली की पत्रकातल्या बाकीच्या आकड्यांची हमी कोणी देत नाही.

बाजारात काय आहे?

टाटाने सप्टेंबर २०२२ मध्ये 'योद्धा २.०' आणली. तिची भारक्षमता २,००० किलो. इंजिन २.२ लिटरचं डिझेल, ताकद १०० हॉर्सपॉवर आणि टॉर्क २५० न्यूटन मीटर. महिंद्राने एप्रिल २०२३ मध्ये 'बोलेरो मॅक्स पिकअप'ची नवी मालिका काढली. तिच्यात १.३ टनापासून २ टनांपर्यंतचे प्रकार आहेत. वरच्या इंजिनाची ताकद ८० हॉर्सपॉवर, टॉर्क २२० न्यूटन मीटर. सर्वांत लांब हौदा ३,०५० मिलिमीटर, म्हणजे दहा फुटांचा.

हॉर्सपॉवर आणि टॉर्क यांत गल्लत होते. टॉर्क म्हणजे फिरवण्याचं बळ. भरलेली गाडी चढावर जागची हलवायची तर तेच कामाला येतं. हॉर्सपॉवर म्हणजे ते काम किती झपाट्याने होतं. मालवाहू गाडीत टॉर्क इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर मिळणं महत्त्वाचं, कारण मग दर चढाला क्लच जाळावा लागत नाही.

अमेरिकेत 'हेवी ड्युटी पिकअप' म्हणतात ती वस्तूच वेगळी. फोर्डच्या सुपर ड्यूटी मालिकेत ६.७ लिटरचं डिझेल इंजिन सर्वांत वरच्या रूपात ५०० हॉर्सपॉवर आणि सुमारे १,६२७ न्यूटन मीटर टॉर्क देतं. योग्य जोडणी असेल तर त्या मालिकेतली सर्वांत दणकट गाडी १८ टनांच्या आसपासचा ट्रेलर ओढते. पण ती गाडी ओढण्यासाठी बनवलेली आहे. उतारावर चाकाच्या ब्रेकवर सगळा भार पडू नये म्हणून तिच्यात एक्झॉस्ट ब्रेकही असतो. आपल्याकडच्या साध्या पिकअपमध्ये ती सोय सहसा नसते. इथे ड्रायव्हरच्या हाती दोनच गोष्टी : चाकाचा ब्रेक आणि खालचा गिअर.

हिशोब आरसी बुकाचा

आरसी बुकात दोन वजनं लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त, ज्याला ग्रॉस वेट म्हणतात. दोन्हींची वजाबाकी केली की खरी भारक्षमता कळते.

उदाहरण घेऊ. ग्रॉस ३,४९० किलो आणि रिकामी गाडी १,७९० किलो असेल, तर उरतात १,७०० किलो. ५० किलोची ३४ पोती, असं वाटतं. पण कायद्यात रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात. दोघांचे १४० किलो वजा केले की राहतात १,५६० किलो, म्हणजे ३१ पोती. तीन पोती तिथेच गेली. नंतर हौद्याला लोखंडी जाळी लावली, फाळका उंच केला, ताडपत्रीचा सांगाडा बसवला, तर त्यांचंही वजन यातूनच जातं.

हौदा दहा फुटांचा आहे म्हणून तो भरलाच पाहिजे असं नाही. भुसा किंवा रिकामे क्रेट यांनी हौदा भरतो आणि वजन कमीच राहतं. वाळू, सिमेंट किंवा बटाट्याने हौदा अर्धा दिसतो, पण गाडी आधीच भरलेली असते. डोळ्याला दिसते ती जागा. वजन पाहायचं तर काट्यावर जावं लागतं. महाराष्ट्रात त्याला वजनकाटा म्हणतात, इकडे धर्मकाटा.

जादा पाटा टाकला की झालं?

गॅरेजमध्ये सर्रास होणारं काम म्हणजे मागच्या पाट्यांत एक-दोन पाटे वाढवणं. गाडी मागून बसत नाही, म्हणून मालक खूश. पण पाटा फक्त गाडी वर धरतो. अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेकचे ड्रम तेच आणि टायरही तेच राहतात. उलट, गाडी बसलेली दिसत नाही म्हणून ओव्हरलोड डोळ्याआड होतो.

टायरचं गणित टायरवरच लिहिलेलं असतं. मापाच्या शेजारी असलेला आकडा भार सांगतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो. तेही पूर्ण हवा असेल तरच. टायर बदलताना स्वस्तात कमी आकड्याचा टायर घातला, तर आरसी बुकातली भारक्षमता कागदावरच राहते.

चढ गाडी दमवतो, उतार मारतो

इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने निघालं की मानपूरनंतर मालव्याचं पठार संपतं आणि रस्ता निमाडात उतरतो. धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी वर्षानुवर्षं बदनाम आहे. २०२४ च्या अखेरीस तिथे कमी उताराचा वेगळा रस्ता सुरू झाला. त्यामुळे धोका कमी होतो, कारण तीच उतरण लांब अंतरावर वाटली जाते. पण पठार आणि निमाड यांच्यातली उंची तीच आहे. पुढे सेंधव्यानंतर महाराष्ट्रात शिरताना बिजासनचा घाट आहेच.

उतारावर काय होतं ते आकड्यात पाहू. एकूण चार टनांची गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली आली असं धरू. त्यात जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात साधारण ३५ लिटर थंड पाणी उकळेल. काही भाग हवा आणि टायरचं घर्षण खातं, काही इंजिन खातं. बाकीची सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. त्याच गाडीत एक टन जास्त टाकला तर ३५ चे ४४ लिटर होतात, ब्रेक मात्र तेवढेच. लायनर तापले की पकड सुटते. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

त्यात डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करायची सवय असेल, तर संकट दुप्पट. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिन चालू असेल तोवरच नीट चालतो. बंद इंजिनावर एक-दोनदा पेडल दाबलं की ते दगडासारखं कडक होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. वाचलेलं डिझेल फार तर एका चहाचं असतं.

जुन्या ड्रायव्हरांचा नियम सोपा आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर घाट सुरू व्हायच्या आधी टाका. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. जळका वास आला तर सुरक्षित जागा पाहून थांबा आणि ब्रेक थंड होऊ द्या.

सीमा ओलांडताना

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आहे आणि जादा प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. ही रक्कम १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. उतरवायचा खर्चही गाडीवाल्याचाच. पाच-सहा जादा पोत्यांचं भाडं या रकमेसमोर ठेवून पाहावं.

परमिटचंही बघावं. ग्रॉस वेट ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावर लागतं. मोठ्या पिकअपपैकी बऱ्याच या रेषेच्या वर आहेत, त्यामुळे दुसऱ्या राज्यात जाताना परमिट तिथेही चालणारं हवं. मध्य प्रदेशने १ जुलै २०२४ पासून सीमेवरच्या जुन्या परिवहन चौक्या बंद केल्या, पण चौकी उठली म्हणून नियम उठलेला नाही. लायसन्सच्या बाबतीत मात्र दिलासा आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते.

घ्यायच्या आधी विचारा

गाडी पाहायला जाताना चार प्रश्न पुरतात. ग्रॉस वेट आणि रिकामं वजन किती? जास्तीत जास्त टॉर्क किती फेऱ्यांवर मिळतो? टायरवरचा भाराचा आकडा काय? आपला नेहमीचा माल वजनाचा आहे की जागेचा? रोजचं काम १.७ टनांचं असेल तर १.३ टनांची गाडी घेऊन पाटे वाढवण्यापेक्षा २ टनांची घेणं शेवटी स्वस्त पडतं. हप्ता थोडा जास्त बसतो, पण टायर, ब्रेक लायनर आणि दंड यांतून तो वसूल होतो. आणि गणपती घाटाखाली धामनोदला गाडी चारही चाकांवर पोचते.